बेव्हर्ली हिल्समधली एमा

काही कलाकृतींची जात आपण आधी ठरवून टाकतो आणि मग त्यांच्याकडे पाहतो. किंवा जात ठरली म्हणून पाहतच नाही. शाळकरी मुलामुलींवर निघणारे अमेरिकन विनोदी चित्रपट ही अशीच एक जात आहे. झगझगीत कपडे, मोटारी, नाचाच्या पार्ट्या, कोणाचे कोणाशी जमले आणि कोणाचे मोडले, एवढाच त्यांचा मामला असतो अशी आपली समजूत असते. शंभरातले नव्वद चित्रपट या समजुतीला पात्र असतातही. पण उरलेल्या दहांचे काय? त्यांतल्या एका चित्रपटाविषयी आज थोडे सविस्तर बोलायचे आहे. त्याचे नाव 'क्लूलेस'. ज्याला कशाचा गंधच नाही, तो क्लूलेस. हा चित्रपट 1995 च्या जुलैमध्ये अमेरिकेत झळकला. त्याचे लेखन आणि दिग्दर्शन या दोन्ही बाजू एमी हेकरलिंग या बाईंनी सांभाळल्या होत्या.

हेकरलिंगबाई न्यूयॉर्कच्या. 1982 साली 'फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय' या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. तोही शाळकरी मुलांचाच चित्रपट, आणि तोही वरवर पाहता धांगडधिंग्याचा. अमेरिकेची राष्ट्रीय ग्रंथसंस्था दरवर्षी काही चित्रपट जतन करण्याजोगे म्हणून निवडते. त्या यादीत 2005 साली त्याचा समावेश झाला. म्हणजे तेवीस वर्षांनी का होईना, त्याच्या अंगी काही आहे हे मान्य झाले. 'क्लूलेस'चे कथानकही पहिल्याप्रथम ज्या कंपनीकडे गेले, तिथल्या मंडळींना ते फारच 'मुलींचे' वाटले, असे बाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. अखेर पॅरामाउंट कंपनीने तो काढला. अमेरिकेत त्याने साडेपाच कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले आणि त्यातल्या मुलीचा पिवळ्या चौकड्यांचा पोशाख गाजला. गंमत अशी की, पोशाख इतका गाजला की त्याच्याआड चित्रपटच दिसेनासा झाला!

आता कथा काय आहे ती पाहू. लॉस एंजेलिसला लागून बेव्हर्ली हिल्स नावाची गर्भश्रीमंतांची वस्ती आहे. तिथे शेर होरोविट्झ ही पंधरा-सोळा वर्षांची मुलगी राहते. वडील नामांकित वकील. कोर्टात आणि घरात सारख्याच तारस्वरात बोलणारे. आई शेर लहान असतानाच वारली आहे, आणि तीसुद्धा अंगावरची चरबी काढून घेण्याच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेत. शेर देखणी आहे, चलाख आहे, पैशाला तोटा नाही आणि घरात तिला विचारणारे कोणी नाही. तेव्हा फावल्या वेळात करायचे काय? तर इतरांची आयुष्ये सुधारायची! दोन एकलकोंड्या शिक्षकांचे ती परस्पर जमवून देते. हेतू हा की, गुरुजी खुशीत आले म्हणजे हात सैल सोडून गुण देतील. पुढे शाळेत ताय नावाची एक गबाळी, भोळी मुलगी नव्याने येते. शेर तिला हाताशी धरते, तिचे कपडे बदलते, भाषा बदलते, आणि तिला आवडलेला साधा मुलगा तिच्या मनातून काढून एका 'तोलामोलाच्या' मुलाशी तिचे सूत जुळवायला जाते. तो मुलगा शेरच्याच मागे असतो. तायला तो आपल्या बरोबरीची समजतच नाही. बेत साफ फसतो.

ज्यांनी इंग्रजी कादंबरी वाचली आहे, त्यांच्या एव्हाना ध्यानात आले असेल. ही तर जेन ऑस्टेनची 'एमा'! 1815 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली, हायबरी नावाच्या एका काल्पनिक इंग्रजी खेड्यात घडणारी कथा. शेर म्हणजे एमा, ताय म्हणजे आईबापांचा पत्ता नसलेली हॅरिएट, आणि तिच्यावर जीव लावणारा शेतकरी रॉबर्ट मार्टिन इथे चाकांच्या फळीवरून भटकणारा ट्रॅव्हिस झाला आहे. एल्टन हे नाव तर बाईंनी तसेच ठेवले आहे. फक्त तिथे तो धर्मोपदेशक आहे, इथे विद्यार्थी. एमाची कानउघाडणी करणारे नाइटलीसाहेब तिच्या बहिणीच्या दिरांपैकी. घरातलेच, पण रक्ताच्या नात्यातले नव्हेत. इथे त्यांच्या जागी जॉश आहे. शेरच्या वडिलांनी मध्यंतरी केलेल्या आणि मोडलेल्या एका लग्नातल्या बायकोचा हा आधीचा मुलगा. काडीमोड बायकोशी होतो, मुलांशी नव्हे, असे वडिलांचे म्हणणे. म्हणून तो घरात येऊन-जाऊन असतो. इतके सगळे जुळत असूनही चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ऑस्टेनचे नाव नाही. ज्याला ओळखायचे त्याने ओळखावे, असा मामला.

पण केवळ पात्रांची जोडी लावून दाखवली म्हणजे झाले, असे नाही. तसे कोणीही करू शकेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या कथेला जीनचे कपडे घालणे ही काही कला नव्हे. हेकरलिंगबाईंनी ऑस्टेनकडून घेतली ती मुख्यतः गोष्ट नव्हे, गोष्ट सांगण्याची रीत घेतली. ती रीत कोणती, हे जरा नीट समजून घेतले पाहिजे, कारण चित्रपटाची सारी खोली तिच्यात आहे.

ऑस्टेन 'एमा'त निवेदन करते ते तृतीयपुरुषी. पण ते एमाच्या मनाच्या इतक्या जवळून की, वाक्य लेखिकेचे आहे की एमाच्या डोक्यात चाललेले आहे, हे वाचकाला पटकन कळत नाही. एमाचे गैरसमज आपल्यालाही खरे वाटू लागतात. मग हळूच लक्षात येते की, अरे, ही तर चुकते आहे, आणि हिच्याबरोबर आपणही! चित्रपटात मनाच्या आत असे शिरणे अवघड. कॅमेऱ्याला बाहेरचेच दिसते. बाईंनी काय केले? शेरलाच निवेदिका केले. पडद्यावर चित्र चालू असते आणि वरून शेरचा आवाज आपल्याला सगळे समजावून सांगत असतो. आणि आवाज सांगतो एक, चित्र दाखवते दुसरेच. अगदी सुरुवातीला ती सांगते की, माझे आयुष्य आपले चारचौघींसारखेच आहे. आणि तेव्हाच पडद्यावर दिसते की, आज कोणता पोशाख घालावा हे ठरवायला तिच्या खोलीत संगणक आहे! ती खोटे बोलत नाही. तिला खरोखरच तसे वाटते. विनोद तिथेच आहे, आणि विनोदापलीकडचेही काही तिथेच आहे.

आपल्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतात, आणि जे सांगायचे त्यांच्या मनात नसते तेच नेमके वाचकाला कळते. बोलणाऱ्याला न कळता बोलण्यातून सगळे कळते. फरक इतकाच की, चिमणरावांवर हसताना आपण त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या वर उभे असतो. शेरच्या बाबतीत मात्र आपण तिच्या पायरीवर केव्हा जाऊन बसलो, ते समजत नाही.

आता ज्या दोन प्रसंगांमुळे हा चित्रपट मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, त्यांच्याकडे वळतो.

पहिला प्रसंग सुरुवातीचा. वर्गात वादविवाद चालू आहे. विषय असा की, जगातल्या सगळ्या पीडितांना अमेरिकेने आसरा द्यावा काय? शेरला बाजू मिळाली आहे ती 'द्यावा' ही. ती उठते आणि हैतीच्या लोकांविषयी बोलू लागते. त्या लोकांचे नावसुद्धा तिला धड उच्चारता येत नाही. मग दाखला देते तो कशाचा, तर वडिलांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या मेजवानीचा! येणार असल्याचे आगाऊ कळवा असे निमंत्रणात स्पष्ट लिहिले होते, तरी न कळवता माणसे आली. आधी तिचा पारा चढला. पण मग तिने स्वयंपाकघरात धाव घेतली, वाढप पुन्हा बेतले, पानांच्या मध्ये पाने मांडली, आणि शेवटी जितके जास्त तितकी मजा, असेच ठरले. तर सरकारनेही स्वयंपाकघरात जाऊन तसेच करावे! स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर 'आगाऊ कळवावे' असे कोठे लिहिले आहे? वर्ग टाळ्यांचा कडकडाट करतो. गुरुजी कपाळाला हात लावतात.

प्रेक्षक हसतो आणि पुढे जातो. पण 1995 च्या प्रेक्षकाला हैती हे केवळ एक चमत्कारिक नाव नव्हते. 1991 च्या सप्टेंबरात हैतीतले निवडून आलेले अध्यक्ष आरिस्टीड यांना लष्कराने उलथून पाडले. त्यानंतर हजारो माणसे मोडक्यातोडक्या होड्यांतून अमेरिकेकडे निघाली. 1992 च्या मेमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हुकूम काढला की, या होड्या समुद्रातच अडवाव्यात आणि माणसे परत पाठवावीत. पुढे आलेल्या क्लिंटन सरकारनेही ते धोरण चालू ठेवले, आणि 1993 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते कायदेशीर ठरवले. थोरामोठ्यांनी विचार करून दार लावून घेतले होते. ते उघडावे असे एका मेजवानीवेड्या पोरीला वाटते, आणि तिचा युक्तिवाद हास्यास्पद असला तरी निष्कर्ष हास्यास्पद नाही. हा झाला पहिला थर.

दुसरा प्रसंग बराच पुढे येतो. शेरच्या घरी लूसी नावाची बाई घरकामाला आहे. बागेतले काहीतरी काम माळ्याला सांगायचे असते. लूसी म्हणते, तुमचा माळी आहे, तुम्हीच का सांगत नाही? त्यावर शेर सहज बोलून जाते की, मला कुठे तुमची 'मेक्सिकन' येते? लूसी संतापते. आपण मेक्सिकन नाही, एवढे बोलून ती निघून जाते. शेरला कळतच नाही की झाले काय. जॉश तिला सांगतो, लूसी एल साल्वादोरची आहे. तो निराळा देश आहे. मग तो वर्मावर बोट ठेवतो. तू अमुक रस्त्याच्या खालच्या अंगाला राहतेस असे कोणी समजले तर तुला किती राग येतो, याची तो तिला आठवण करून देतो.

एल साल्वादोर म्हणजे काय होते त्या वेळी? तिथे 1980 पासून 1992 च्या जानेवारीपर्यंत यादवी युद्ध चालले. सुमारे 75,000 माणसे त्यात मेली. तिथल्या सरकारला अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रे मिळत होती. लाखो माणसे देश सोडून पळाली आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येने लॉस एंजेलिसमध्ये वस्ती केली. तिथल्या बायका श्रीमंतांच्या घरी केर काढू लागल्या, मुले सांभाळू लागल्या. लूसी कधी आली, का आली, हे चित्रपट सांगत नाही. पण देशाचे नाव मात्र बाईंनी नेमके निवडले आहे. शिवाय चित्रपट येण्याच्या आदल्याच नोव्हेंबरात, म्हणजे 1994 साली, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 187 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला होता. कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांच्या मुलांना सरकारी शाळा नको, तातडीचे सोडून औषधपाणी नको, असा तो प्रस्ताव. पुढे न्यायालयांनी तो रोखला, ही गोष्ट वेगळी.

आता हे दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवा. परदेशातल्या पीडितांना आसरा द्या म्हणून जिने टाळ्या मिळवल्या, तिला आपल्याच घरात राबणारी बाई कोणत्या देशाची आहे हे ठाऊक नाही! ज्या स्वयंपाकघराचा दाखला देऊन तिने सभा जिंकली, त्याच घरातली ही बाई. या दोन प्रसंगांतला दुवा चित्रपटात कोणीही बोलून दाखवत नाही. जॉशसुद्धा नाही. दोहोंच्या मध्ये तासाभराचा हशा आहे. तो हशा ओलांडून ज्याला आठवेल त्यालाच दुवा सापडेल. यालाच मी खोली म्हणतो. भाषण ठोकणाऱ्या चित्रपटात हा दुवा एखाद्या पात्राच्या तोंडी घातला असता आणि पार्श्वभूमीला व्हायोलिन वाजले असते.

ऑस्टेनच्या वाचकांना इथे बॉक्स हिलची सहल आठवेल. त्या सहलीत एमा बिचाऱ्या मिस बेट्सची सर्वांदेखत टिंगल करते. मिस बेट्स ही वाढत्या वयाची, अविवाहित, बडबडी आणि दिवसेंदिवस गरीब होत चाललेली बाई. नाइटली एमाला बाजूला घेऊन सांगतात की, ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी. पण ती गरीब आहे, आणि म्हणून तुझा शब्द तिला दुप्पट लागतो. साऱ्या कादंबरीचा कणा हा प्रसंग आहे. हेकरलिंगबाईंनी तो सहलीतून उचलून श्रीमंताच्या घरात आणून ठेवला, आणि मिस बेट्सच्या जागी घरकामाची बाई उभी केली. आजच्या श्रीमंत माणसाचा शब्द ज्याला मुकाट्याने ऐकून घ्यावा लागतो असे माणूस कोण, याचा विचार करूनच ही अदलाबदल झालेली आहे.

यानंतर शेरच्या डोक्यावर एकामागून एक टपल्या बसतात. ती मोटार चालवण्याच्या परीक्षेत नापास होते. हाही नुसता विनोद नव्हे. पहिल्यापासून ती शिकाऊ परवान्यावर मोठी थोरली मोटार दामटत असते. बाहेरून रुबाब, आतून कच्चा कारभार. दुसऱ्यांच्या आयुष्याचे चाक जिने हाती घेतले होते, तिला स्वतःची गाडी नीट उभी करता येत नाही. आणि शेवटी ज्या तायला तिने 'घडवले', तीच ताय तिच्यावर उलटते. शिकवलेला तोरा शिकवणारणीवरच चालतो. शेर शहरातल्या रस्त्यांवरून एकटीच भटकते आणि पहिल्यांदाच स्वतःला विचारते की, मी जे जे केले, ते कोणासाठी केले?

आणखी एक लहानशी गोष्ट सांगतो. घरात आईचे मोठे चित्र टांगलेले आहे. भूमितीत अठ्ठ्याण्णव गुण मिळाले तेव्हा शेर त्या चित्रासमोर येऊन आईला ते सांगते. दोन-चार सेकंदांचा मामला. तिच्याच त्या नेहमीच्या उथळ भाषेत. पण मग ध्यानात येते की, बापाच्या खाण्यापिण्यावर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते, कोलेस्टेरॉलसाठी त्याच्यामागे लागते, ते का. कादंबरीत एमाचा बाप रोगाच्या धास्तीने सर्वांच्या पथ्याची काळजी करतो. इथे बाईंनी ते उलटे करून काळजी मुलीकडे दिली. उरलेला एक पालक तरी टिकावा म्हणून धडपडणारी ती पोर आहे. दुसऱ्यांचे संसार लावून देण्याची तिची हौस कोठून आली, याचेही उत्तर बहुधा त्या चित्राच्या आसपास असावे.

सगळे गोडच बोलायचे असेही नाही. लूसीची माफी शेर मागते खरी, पण ती आपल्याला दिसत नाही. निवेदनातल्या एका उपवाक्यात ती उरकली जाते. ऑस्टेनची एमा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पायी मिस बेट्सच्या घरी जाते, आणि ती भेट आपल्याला वाचायला मिळते. इथे लूसीला ते एक दृश्य मिळायला हवे होते. शेर पुढे आपद्ग्रस्तांसाठी मदत गोळा करण्याचे काम अंगावर घेते. त्यात ती खाण्याचे उंची जिन्नस आणि बर्फावर घसरण्याच्या फळ्याही देऊन टाकते. तिला शहाणपण आले आहे, पण अर्धेच आले आहे, हे दाखवणारा हा विनोद झकास आहे. मात्र ज्या बाईमुळे ते शहाणपण आले, ती तोवर मागेच राहून जाते.

मग इतकी वर्षे हे सारे बहुतेकांच्या नजरेतून निसटले कसे? 1995 हे ऑस्टेनचेच वर्ष होते. बी. बी. सी.ची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मालिका, 'पर्स्वेशन' आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' हे चित्रपट, सगळे त्याच वर्षीचे. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'च्या पटकथेला ऑस्कर मिळाले. 'क्लूलेस'ला साधे नामांकनही नव्हते. नाही म्हणायला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट समीक्षक संस्थेने त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट पटकथा म्हणून 'क्लूलेस'चीच निवड केली. तेवढा एक डोळस अपवाद. बाकी जगाला झालरीचे पायघोळ झगे आणि घोडागाड्या दिसल्या की साहित्य दिसते. आखूड झगे आणि दूरध्वनीवर खिदळणाऱ्या मुली दिसल्या की फक्त मुली दिसतात. वास्तविक 1815 सालीही 'एमा'त काय होते? खेड्यातल्या मुलींच्या गप्पा, नाच, सहली, कोण कोणाशी लग्न करणार याची चर्चा. काळाचा मुलामा चढला म्हणून आपण तिला अभिजात म्हणतो.

भाषेचेही तसेच. शेरची बोली ऐकून मोठी माणसे कान झाकून घेतात. पण ही बोली मिळवण्यासाठी हेकरलिंगबाई बेव्हर्ली हिल्सच्या शाळेतल्या वर्गांत जाऊन बसल्या होत्या, मुलांचे बोलणे त्यांनी टिपून घेतले, आणि काही शब्द पदरचेही घातले. त्या बोलीत शेर आपले म्हणणे पुरतेपणी मांडते. आपल्याकडे महाविद्यालयांच्या कट्ट्यावर जी मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ ऐकू येते, तिच्याविषयी आम्ही प्राध्यापक मंडळी तक्रारी करतो. पण त्या मिसळीत मुले काय बोलतात, हे थांबून ऐकतो किती जण?

'एमा' पुढे आपल्या देशातही आली. राजश्री ओझा या दिग्दर्शिकेने 2010 साली 'आयशा' या हिंदी चित्रपटात तिला दिल्लीत आणून बसवले. म्हणजे हे बीज कोणत्याही मातीत रुजते. जिथे जिथे सुखवस्तू घर आहे, त्या घरात सदिच्छेने भरलेली माणसे आहेत आणि त्याच घरात दुसऱ्यांचे काम करणारी माणसे आहेत, तिथे शेर आहेच. आपण परिसंवादात दूरदूरच्या दुःखांवर तळमळून बोलतो. सकाळी भांडी घासून जाणाऱ्या बाईंचे गाव कोणते, असे कोणी विचारले तर किती जणांना उत्तर देता येईल?

'क्लूलेस' पाहण्याचा योग आला, तर एक करावे. पहिल्यांदा नुसते हसून घ्यावे. चित्रपट त्यासाठीच काढलेला आहे आणि हसण्यात कमीपणा नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र शेरकडे न पाहता तिच्या मागे, कडेला, दाराशी कोण उभे आहे तिकडे लक्ष ठेवावे. लूसी फार थोडा वेळ दिसते. तेव्हा जरा सावध बसावे लागेल.